केतकीची साक्ष

पुराणात केतकीचे नाव निघते ते खोट्या साक्षीपायी. शिवलिंगाचा माथा आपण पाहिला, असे ब्रह्मदेवाने सांगितले. केतकीने त्यास दुजोरा दिला आणि शिवपूजेतून ती कायमची उठली. कोकणच्या खाडीकाठी, ओल्या खारवट भुईत केवड्याची बने माजतात. सुगंध असतो तो केवळ नरझाडाच्या कणसाला. मादीझाडाला अननसासारखे फळ धरते, पण त्या मादक वासाचा तेथे पत्ता नसतो.

या रानवट झुडपाच्या इतिहासात एक खरी साक्षही आहे. डच ईस्ट इंडिया कंपनीचा मलबारमधील अधिकारी हेंड्रिक फान रेडे याने तेथील वनस्पतींवर 'होर्तुस मलबारिकुस' हा बारा खंडांचा लॅटिन ग्रंथ सिद्ध केला. तो १६७८ ते १६९३ या काळात अ‍ॅमस्टरडॅमला छापला गेला. दुसऱ्या खंडात केवडा आला आहे, तो 'कैदा' या मल्याळी नावाने. ही माहिती साहेबाला दिली कोणी? इट्टी अच्युतन या मलबारी वैद्याने, आणि रंगभट, विनायक पंडित व अप्पूभट या कोचीच्या तिघा कोकणी ब्राह्मणांनी. निघंटू पाहून, रोज सकाळ-संध्याकाळ दोन वर्षे हे काम केले, असे तिघांनी २० एप्रिल १६७५ रोजी लिहून दिले. ते प्रतिज्ञापत्र पहिल्या खंडात कोकणी भाषेत, नागरी अक्षरांत छापलेले आहे. सरकारी कागदांत आयुष्य गेलेल्या माझ्यासारख्याला त्या तारखेचे आणि सह्यांचे मोल अधिक वाटते. ग्रंथावर नाव मात्र राहिले रेडेचे.

पुढे लिनियसचा शिष्य पेटर फोर्स्कोल डॅनिश मोहिमेबरोबर अरबस्तानात गेला आणि १७६३ मध्ये येमेनमध्ये वारला. त्याचा सोबती कार्स्टेन नीबूर त्याच वर्षी मुंबईस आला. येथे त्याने घारापुरीची लेणी मोजली, रेखाटली. सहप्रवासी एकामागून एक दगावले. हा एकटा परतला आणि मित्राची टिपणे त्याने १७७५ मध्ये प्रसिद्ध केली. त्यांत या झाडाचे नाव आहे 'केउरा ओडोरिफेरा'. आपला केवडा त्या नावात सहज ओळखू येतो.

आजच्या शास्त्रीय नावात 'पँडेनस' हा शब्द मलायी आहे, 'ओडोरिफर' लॅटिन. मधला 'केउरा' गळाला.