कसोटीची तबकडी

सोन्याची पारख करावयाची तर कसोटीचा दगड आधी खरा असावा लागतो. गाणारे यंत्र घरी आणताना मात्र हा विवेक आपण सहसा विसरतो. दुकानदार लावील ती तबकडी ऐकून आपण यंत्राला नावाजतो. पण ती तबकडी कोणी निवडली आणि कशासाठी निवडली, हे विचारीत नाही. या प्रश्नाचे महत्त्व पटवून देणारे एक प्रकरण अमेरिकेत घडले.

एडिसनने १९१२ साली जाड तबकड्यांचा आणि हिऱ्याच्या सुईचा नवा फोनोग्राफ विक्रीस आणला. प्रतिस्पर्धी व्हिक्टर कंपनीपाशी कारुसोसारखे दिगंत कीर्तीचे गायक होते. एडिसनची सारी भिस्त यंत्राच्या सच्चेपणावर होती. तो सिद्ध करण्यासाठी १९१५ पासून गावोगावी जाहीर परीक्षा सुरू झाल्या. गायिका यंत्राशेजारी उभी राहून आपल्याच तबकडीबरोबर गाई आणि मध्येच ओठ मिटी. पुढे दिवे मालवले जात. पुन्हा लागत तेव्हा रंगमंचावर यंत्र तेवढे उरलेले असे. १९१६ च्या एप्रिलमध्ये न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये मारी रॅपोल्ड या गायिकेने हा प्रयोग केला. अशा प्रयोगांत गायिका नेमकी केव्हा थांबली हे कळले नाही, असे अनेक श्रोत्यांनी प्रांजळपणे सांगितले.

हे श्रोते बहिरे नव्हते. निवड चतुर होती. त्या काळी विजेचा माइक्रोफोन ध्वनिमुद्रणात आलेला नव्हता. गाणाऱ्याचा आवाज कर्ण्यात शिरून पडद्याला हालवी, आणि पडदा सुईला. या खटाटोपात मधले स्वर तेवढे बरे उमटत; खर्जाचा भरीवपणा आणि अतितार स्वरांची झळाळी गळून जाई. म्हणून परीक्षेला एकट्या गायकाचा गळा, व्हायोलिन, बासरी अशा गोष्टी निवडल्या जात. वाद्यवृंदाला यंत्राशेजारी बसविण्याचे धाडस कोणी करीत नसे. शिवाय तबकडी सतत चालू असल्याने सुईची खरखर दोन्ही वेळा ऐकू येई. अॅना केस या गायिकेने तर १९७२ साली सांगून टाकले की, आपण आपला आवाज यंत्राच्या आवाजासारखा करून गात होतो. यंत्राने माणसाची नक्कल करावयाची, तेथे माणूसच यंत्राची नक्कल करीत होता!

१९२५ साली विद्युत् ध्वनिमुद्रण आले आणि या परीक्षा मावळल्या. पुढे एडगर व्हिल्चर या अमेरिकी संशोधकाने आपल्या ध्वनिवर्धकांची परीक्षा फाइन आर्ट्‌स क्वार्टेट या चार वादकांच्या संचाबरोबर केली. वादक मधूनच गज नुसते फिरवीत, आणि ध्वनी येई तो मुद्रणातून. त्यासाठी मुद्रण उघड्यावर केलेले होते. दिवाणखान्यात किंवा सभागृहात मुद्रण केले असते, तर एका दालनाचा घुमारा दुसऱ्या दालनाच्या घुमाऱ्यावर चढला असता. व्हिल्चरही विक्रेताच होता. परंतु कोणत्या तुलनेला कोणते मुद्रण योग्य, याचा विचार त्याने केला होता.

यातून आम्ही आपल्यापुरता बोध घेतो तो असा. यंत्र पाहावयास जाताना तबकडी आपण न्यावी, आणि ती अशा गायकाची असावी की ज्याची बैठक आपण समोर बसून ऐकली आहे. मागे तंबोरा स्पष्ट असेल तर उत्तमच. जवारीतून उठणारे सूक्ष्म स्वर यंत्राने गिळले तर ते लागलीच ध्यानात येते. तबकडीची गती डळमळते की नाही, हे पियानोच्या लांबत जाणाऱ्या स्वरावरून कळते. दोन यंत्रांचा आवाज मात्र सारखाच ठेवावा, कारण जो किंचित मोठा तो कानाला गोड लागतो.

दूरच्या प्रांतात राहणाऱ्यांना पुष्कळदा तबकडी हीच मैफल असते. तेथे ओळखीचा गळा अनोळखी वाटू लागला, तर यंत्राची किंमत कितीही असो, ते आपल्या उपयोगाचे नाही.