पिवळी किटली



इ. स. १९७७ सालच्या जुलै महिन्याची १६ तारीख. इंग्लंडांतील सिल्व्हरस्टोन येथें मोटारींची मोठी शर्यत चालली होती. रेनो या फ्रेंच कंपनीची एक पिवळ्या रंगाची मोटार त्या दिवशीं प्रथमच फॉर्म्युला वनच्या शर्यतींत उतरली. इतर गाड्यांचीं एंजिनें तीन लिटरांचीं. हिचें अवघें दीड लिटरांचें. तरीहि बलाढ्य प्रतिस्पर्ध्यांशीं बरोबरी करण्याची तिची उमेद होती, कारण तिच्या एंजिनास टर्बोचार्जर जोडलेला होता. परंतु सोळाव्या फेऱ्यांतच त्या टर्बोचार्जरनें दगा दिला आणि गाडी थांबली. पुढेंहि ती वरचेवर पांढऱ्या धुराचे लोट सोडीत थांबूं लागली, तेव्हां इंग्रज मंडळींनीं तिचें बारसें केलें: ‘पिवळी किटली’! चहाचें आधण आणि शर्यतीची मोटार यांची ही सांगड विनोदाची खरी. पण ह्या विनोदाच्या पोटांत यंत्रविद्येचा एक जुना आणि गंभीर प्रश्न दडलेला आहे. त्याचाच इतिहास आज थोडक्यांत सांगावयाचा आहे.

एंजिनांत पेट्रोल जळून जी उष्णता निर्माण होते, तिच्यापैकीं सुमारें एक तृतीयांशच चाकें फिरविण्याच्या कामीं येते. साधारण तितकीच एंजिनाच्या भिंतींतून पाण्यांत जाते, आणि तितकीच जळक्या वायूंबरोबर नळीवाटें बाहेर उधळली जाते. ह्या उधळपट्टीवर स्वित्झर्लंडमधील आल्फ्रेड ब्यूशी या इंजिनियरानें उपाय शोधला आणि १९०५ सालीं त्याचें पेटंट घेतलें. जळक्या वायूंच्या झोतानें एक चक्र फिरवावें, त्याच दांड्यावर दुसरें चक्र बसवावें, आणि त्याकडून बाहेरची हवा दाबून सिलिंडरांत कोंबावी, अशी ती युक्ति होती. हवा अधिक, म्हणून इंधन अधिक जळणार. इंधन अधिक, म्हणून शक्ति अधिक. वीस वर्षांनीं, जर्मन प्रवासी जहाजांच्या डिझेल एंजिनांवर, ही युक्ति फळास आली. १७५० अश्वशक्तीचें एंजिन २५०० अश्वशक्ति देऊं लागलें!

मध्यंतरीं, १९१८ सालीं, अमेरिकेंत सॅनफर्ड मॉस यांनीं लिबर्टी जातीचें एक विमानाचें एंजिन कोलोरॅडोमधील पाइक्स पीक या १४,००० फुटांहून उंच शिखरावर नेलें होतें. सखल प्रदेशांत ३५० अश्वशक्ति देणारें तें एंजिन विरळ हवेंत २३० वर आलें. टर्बोचार्जर जोडतांच ३५६ वर गेलें. मात्र शिखरावरची हवा विरळ असते तशी थंडहि असते, ही गोष्ट येथें विसरतां कामा नये. जमिनीवरील मोटारीच्या वांट्यास ती थंड हवा येत नाहीं.

हवा दाबली कीं ती तापते. सायकलीच्या पंपाचें टोंक हाताला चटका देतें, हें आपणां सर्वांच्या अनुभवाचें आहे. तापलेली हवा पुन्हां विरळ होते, म्हणजे ती दाबण्याचा हेतूच कांहींसा फसतो. शिवाय ठिणगीनें पेटलेली ज्योत पोंचण्यापूर्वींच सिलिंडरांतील उरलेलें मिश्रण आपोआप भडकतें आणि पिस्टनावर घणाचे घाव बसूं लागतात. इकडे टर्बोचार्जरच्या चक्राची एक बाजू ९०० ते १००० अंश सेंटिग्रेड तापलेल्या वायूंत मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेत असते, आणि त्याचा दांडा तेलाच्या पातळ थरावर तरंगत असतो. म्हणजे ब्यूशीनें जी उष्णता कामाला लावली, ती फुकट मिळालेली नव्हे. ती उसनी मिळालेली आहे. टर्बोचार्जरचा पुढील सारा इतिहास म्हणजे या ऋणाच्या फेडीचा इतिहास होय.

ही फेड नेहमींच साधली असें नाहीं. १९५२ सालीं अमेरिकेंतील इंडियानापोलिसच्या ५०० मैलांच्या शर्यतींत कमिन्स कंपनीच्या डिझेल मोटारीनें, फ्रेड आगाबाशियान यांच्या सारथ्याखालीं, आरंभीचें अग्रस्थान पटकाविलें. टर्बोचार्जर लावलेली ही तेथली पहिलीच गाडी. पण तिचें हवा घेण्याचें तोंड खालच्या अंगास होतें; टायरांच्या रबराचे कण त्यांत सांचत गेले, तिचा श्वास कोंडला, आणि २०० पैकीं ७१ व्या फेऱ्यांत तिला माघार घ्यावी लागली.

दहा वर्षांनीं, १९६२ मध्यें, ओल्ड्समोबिल कंपनीनें सामान्य गिऱ्हाइकांसाठीं जेटफायर नांवाची टर्बोचार्जरची मोटार काढली. तींत शुद्ध पाणी व मिथेनॉल यांच्या मिश्रणाची एक टाकी होती. हें मिश्रण एंजिनांत जाणाऱ्या हवेंत सोडलें जाई, आणि त्याची वाफ होतांना उष्णता शोषली जाई. आपल्या घरांतील मातीच्या माठांत पाणी गार होतें तें ह्याच नियमानें. पण माठाप्रमाणेंच ती टाकीहि भरावी लागे, आणि पुष्कळ मालक तेंच विसरत. टाकी रिकामी झाली कीं यंत्र स्वसंरक्षणार्थ आपली शक्ति आवरून धरी. मालक म्हणत, गाडींत दम नाहीं! कित्येक गाड्यांवरून टर्बोचार्जर काढून टाकण्यांत आले, आणि १९६३ नंतर ही मोटार निघावयाची बंद झाली. युक्ति खोटी नव्हती. तिला लागणारें लक्ष माणसाकडून पुरविलें गेलें नाहीं.

तेव्हां इंजिनियरांनीं माणसाच्या स्मरणशक्तीवर विसंबणें सोडून दिलें. दाबलेली हवा एंजिनांत शिरण्यापूर्वीं थंड करणारी जाळी, जिला इंटरकूलर म्हणतात, ती पोर्शे कंपनीनें १९७८ च्या ९११ टर्बो गाडीस शेपटाकडील पंखाखालीं बसविली. रेनोनेंहि हार मानली नाहीं. १ जुलै १९७९ रोजीं फ्रान्समधील दिझों येथें झां-पियेर जाबुई यांनीं दोन टर्बोचार्जरांची रेनो चालवून ग्रां-प्री जिंकली. किटली म्हणून जिला हिणविलें, तिच्याच धाकट्या बहिणीपुढें मग प्रतिस्पर्धी कंपन्यांनाहि टर्बोचार्जरची कांस धरावी लागली.

आज टर्बोचार्जर साध्या कौटुंबिक मोटारींतहि असतो. अशी मोटार घेऊन शर्यतीच्या मार्गावर एक दिवस मनसोक्त धांवण्याची हौस अनेक देशांत आहे. आपल्याकडेहि चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टई येथें तसा मार्ग आहे. येथें तोच जुना प्रश्न नव्यानें उभा राहतो. रस्त्यावर पूर्ण शक्ति आपण कांहीं क्षणच वापरतों. मार्गावर ती फेऱ्यामागून फेरे वापरली जाते, आणि ऋण फेडण्यास एंजिनाला अवसरच मिळत नाहीं. पाण्याचा कांटा स्थिर दिसतो, पण तेल आंतल्या आंत तापत असतें. म्हणून जाणता चालक तेलाच्या तापमानावर नजर ठेवतो. मार्गावर जाण्यापूर्वीं तेल ताजें आहे ना, जाळ्यांत पानें वा रबर अडकलें नाहीं ना, हें तो पाहतो. तीन-चार फेरे जोरानें मारल्यावर एक फेरा तो मुद्दाम संथ, वरच्या गियरमध्यें, ब्रेक फारसा न दाबतां घेतो. कांटा चढूं लागलाच तर गाडीचा हीटर पूर्ण सोडून एंजिनाचा थोडा ताप स्वतःच्या अंगावर घेतो.

आणि परत येतांच तो किल्ली फिरवीत नाहीं. एंजिन एकदम बंद केलें तर तेलाचा प्रवाह थांबतो, चक्र मात्र धगधगतच असतें, आणि बेअरिंगांत अडकलेल्या तेलाचा जळून कोळसा होतो. दोन मिनिटें एंजिन मंद चालूं दिलें तर हें टळतें. उकळत्या रेडिएटरचें झांकण उघडण्याचा मोह तर कधींच होऊं देऊं नये; दाबाखालचें तें पाणी क्षणांत वाफ होऊन हातातोंडावर येतें.

जेटफायरचे मालक जी गोष्ट विसरले, ती हीच. यंत्र कितीहि सुधारलें तरी फेडीचा शेवटचा हप्ता चालकाच्याच हातीं राहतो. तो शेवटचा संथ फेरा कोणी घड्याळावर मोजीत नाहीं; परंतु गाडी धडपणें घरीं पोंचते ती त्याच्याच बळावर.