श्येनविनोद

भोकरदन तालुक्यांतील हसनाबाद या गांवीं आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याचें घर आहे. गेल्या हिवाळ्यांत तेथें दोन दिवस राहण्याचा योग आला असतां बांधावरील बाभळीवर एक शिक्रा दिसला. चारपांच कोतवाल पक्षी त्यास सळो कीं पळो करीत होते. त्यावरून बोलणें ससाण्यांच्या शिकारीवर आलें. 'बहिरी ससाणा' हें नांव ऐकतांच विद्यार्थ्याचे वृद्ध वडील म्हणाले, "पण सर, बहिऱ्या पांखराला हाक मारून परत कसं बोलावायचं?" आम्ही सांगितलें कीं, हा शब्द समुद्रवाचक अरबी 'बहर' शब्दापासून आला, पांखरूं बहिरें नव्हे, दर्यावर्दी आहे. त्यांचें समाधान झालेलें दिसलें नाहीं. पुढें आम्हांसही त्यांचीच व्युत्पत्ति बरी वाटूं लागली. कारण बोलावल्यावर न येणें यांतच या छंदाचा अर्धा इतिहास सांठलेला आहे.

हा मुलूख एके काळीं कल्याणीच्या चालुक्यांकडे होता. त्यांच्यांतील तिसऱ्या सोमेश्वरानें इ. स. ११२९ च्या सुमारास 'मानसोल्लास' रचला. त्यांत राजाचे वीस विनोद सांगितले असून 'श्येनविनोद' हा त्यांपैकीं एक होय. येथें विनोद म्हणजे करमणूक. मराठींत तो शब्द पुढें हास्याकडे वळला. श्येनापुरता तरी तो योग्यच वळला! कुमाऊंच्या रुद्रदेवानें तर या विषयावर 'श्यैनिकशास्त्र' हा स्वतंत्र संस्कृत ग्रंथ लिहिला. तो हरप्रसाद शास्त्री यांनीं १९१० सालीं कलकत्त्यास छापून काढला. शिवकालीन अठरा कारखान्यांतही शिकारखाना होताच.

या खेळांत मान मादीचा, कारण ती नराहून मोठी. हिंदुस्थानी बाजदारांच्या परिभाषेंत बाज म्हणजे मादी, तिचा नर तो जुर्रा. शिक्रा ही मादी, आणि नर बिचारा चिपका. रानांतून धरलेला पक्षी मुठीवर बसवून त्याच्याबरोबर रात्रीच्या रात्री जागावयाचें, डोळ्यांवर टोपी, पायांत चामड्याच्या वाद्या आणि घुंगरें घालावयाचीं, आणि घास तोळामाशानें मोजावयाचा: जास्त झाला तर पक्षी उडून जातो, कमी झाला तर मरतो. शेक्सपिअरनें हीच युक्ति एका नवऱ्याकडून बायकोवर चालविली. वासुदेवराव केळकरांच्या 'त्राटिके'चें मूळ तें हेंच नाटक. प्रत्यक्षांत मात्र प्रकार उलट होतो. टी. एच. व्हाइट या इंग्रज शिक्षकानें नोकरी सोडून १६१९ सालच्या एका पोथीवरून बाज शिकविण्याचा घाट घातला. तीन रात्री जागून गुरु अर्धमेला झाला. शिष्य अखेर कुजकी दोरी तोडून निघून गेला. १९५१ सालीं छापलेलें त्याचें पुस्तक आम्हीं हंसत हंसत वाचलें, पण आमच्या व्यवसायबंधूची ती फजिती मनाला जरा लागलीही.

आतांच्या हौशी लोकांची तऱ्हा निराळी नाहीं. पक्ष्याच्या शेपटीला बिनतारी यंत्र बांधून ते दिवसभर काट्याकुट्यांतून त्याच्यामागें हिंडतात. अबूधाबीस ससाण्यांचें इस्पितळ आहे, आणि तेथल्या ससाण्यांना पारपत्रेंही मिळतात! २०१० सालीं युनेस्कोनें अकरा देशांची ही विद्या मानवी वारशांत नोंदली. त्यांत हिंदुस्थान नव्हता. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्यानें हा खेळ बंद झाला, आणि तें आम्हांस मान्य आहे. बाभळीवरचा शिक्रा कोणाच्या मुठीवर असावा असें आम्हांस क्षणभरही वाटलें नाहीं.

खंत आहे ती दुसरीच. राजांचे ग्रंथ राहिले. पक्षी धरून देणाऱ्यांचीं नांवें कोणीं लिहिलीं नाहींत. घोड्याच्या केसांचे फांस लावलेला एक लहानसा पिंजरा, आंत आमिषाचा जिवंत पक्षी: ही त्यांची 'बालछत्री'. तिचें वर्णन १९५९ सालीं दोघां अमेरिकन अभ्यासकांनीं छापलें, आणि पक्ष्यांच्या पायांत ओळखीचीं कडीं घालणारे शास्त्रज्ञ ससाणे धरण्यासाठीं तीच वापरूं लागले. तिकडे तिचें नांवही तेंच राहिलें आहे. यजमानांना तो शब्द आम्हीं सांगितला, तेव्हां बाल म्हणजे केस हें त्यांना लगेच समजलें. तो अमेरिकेहून परत आला आहे यावर मात्र त्यांचा विश्वास बसेना.