दप्तर कुणाच्या छपराखाली?

थंडी पडली की निफाड बातम्यांत येतं. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात पारा किती उतरला हे सकाळी सगळ्या महाराष्ट्राला कळतं, आणि इकडे बागांत शेकोट्या पेटतात. आमच्या घरी वडील तो आकडा वहीत टिपायचे. शेजारच्या रकान्यात फवारणी: औषध, प्रमाण, तारीख, प्लॉट.

ही हौस नव्हती. 2006 मध्ये अपेडानं ग्रेपनेट सुरू केलं. युरोपला जाणाऱ्या द्राक्षाचा माग थेट बागेपर्यंत काढता यावा म्हणून प्लॉटची नोंदणी आली, औषधांच्या अंशांची तपासणी आली. 2010 मध्ये क्लोरमेक्वाट क्लोराइडचे अंश सापडले म्हणून भारतीय द्राक्षांचे कंटेनर युरोपात अडकले. कधी, काय, किती फवारलं याची लेखी नोंद किती मोलाची असते, हे तेव्हा द्राक्षपट्ट्याला नीट कळलं.

पुढे वही मागे पडली, फोन आला. मी नोंदी एका मोफत ॲपमध्ये भरू लागलो. दोन हंगामांनी ॲप बंद पडलं. आधी मेल आला होता म्हणे. मी तो उघडलाच नव्हता. नोंदी गेल्या. वडिलांची वही अजून कपाटात आहे.

नोंद आपली, पण किल्ली कुणाकडे? हा प्रश्न इंटरनेटपेक्षा बराच जुना आहे, आणि त्यातलं एक नाव आमच्या गावचं आहे.

न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे 18 जानेवारी 1842 रोजी निफाडला जन्मले. त्याआधी 24 वर्षं, 1818 मध्ये, पेशवाई बुडाली आणि तिचं दप्तर इंग्रजांच्या ताब्यात गेलं: रुमालांत बांधलेले मोडी कागद, हजारो रुमाल. कुणाचं इनाम खरं, कुणाचं खोटं हे ठरवायला सरकारला ते हवं होतं. 1891 मध्ये त्यासाठी पुण्यात भक्कम दगडी इमारत उभी राहिली. कागद सुरक्षित होते. पण ज्यांच्या आज्यापणज्यांचा हिशेब त्यात होता, त्यांना दार सहज उघडत नव्हतं. गणेश चिमणाजी वाड यांनी रोजनिशांतून उतारे काढले आणि त्यांच्या आधारे रानड्यांनी 1900 मध्ये निबंध लिहिला. लढाया आणि दरबार यांच्यापलीकडे लोक कसे जगत, कर काय होते, दंड कशाचा होई, हे या रोजच्या नोंदींतून दिसतं, हा त्यांचा रोख होता. दप्तर खऱ्या अर्थानं छापात आलं ते गो. स. सरदेसायांनी 1930 ते 1934 या काळात 45 खंड काढले तेव्हा. म्हणजे शंभर वर्षं उलटून गेल्यावर.

वि. का. राजवाडे दुसऱ्या वाटेनं गेले. त्यांनी घरांची दारं ठोठावली. वाडे, मठ, कुलकर्ण्यांची माजघरं. 1898 मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड निघाला आणि पुढे खंडांची संख्या 22 वर गेली. वाईजवळच्या मेणवलीत नाना फडणविसांच्या वाड्यातले कागद तर मेणवली दप्तर म्हणूनच ओळखले जातात. सरकारी कुलूप नसलेलं हे सगळं घरगुती दप्तर. पण घरी ठेवलं म्हणजे टिकलं असं नाही. कितीतरी कागद वाळवीनं खाल्ले, पावसात भिजले, रद्दीत गेले. कुलूपबंद दप्तर टिकलं, पण अडकलं. घरचं दप्तर मोकळं होतं, पण नाशवंत. दोन्ही धडे लक्षात ठेवू.

आता सर्व्हरकडे येऊ. सर्व्हर म्हणजे काही वेगळा प्राणी नव्हे. दुसऱ्यांनी मागितलेली फाइल देणारा, सतत चालू असलेला संगणक. जगातला पहिला वेब सर्व्हर हा टिम बर्नर्स-ली यांच्या सर्न प्रयोगशाळेतल्या टेबलावरचा नेक्स्ट संगणक होता. हा सर्व्हर आहे, बंद करू नका, अशी हातानं लिहिलेली चिठ्ठी त्यावर चिकटवली होती. भारतात सामान्य ग्राहकांना इंटरनेट मिळालं 15 ऑगस्ट 1995 पासून, व्हीएसएनएलकडून. मग सोय म्हणून सगळे दुसऱ्यांच्या छपराखाली गेले. जिओसिटीज 2009 मध्ये अमेरिकेत बंद झालं, ऑर्कुट 30 सप्टेंबर 2014 ला. उलट 1996 मध्ये मराठी माणसांनी स्वतःच्या नावावर उभं केलेलं मायबोली आजही चालू आहे.

म्हणून मी गेल्या हिवाळ्यात माळ्यावरचा जुना लॅपटॉप खाली काढला. तुम्हालाही करायचं असेल तर क्रम सांगतो.

लॅपटॉप बरा, कारण त्याची बॅटरी लोडशेडिंगमध्ये इन्व्हर्टरचं काम करते. ती फुगलेली असेल तर आधी काढा. त्यावर डेबियन टाका. लिनक्सचा हा अवतार फुकट आहे आणि शांत स्वभावाचा आहे. फायलींसाठी नेक्स्टक्लाउड, फोटोंसाठी इमिच. पण पहिल्या महिन्यात एकच काहीतरी बसवा आणि ते समजून घ्या. मशीन सरासरी 15 वॉट खात असेल तर महिन्याला जेमतेम 11 युनिट वीज जाते.

घरातल्या वायफायवर सगळं चालेल. शेतात गेलात की बंद. दोष तुमचा नाही. इंटरनेटच्या जुन्या पत्त्यांचा जागतिक साठा फेब्रुवारी 2011 मध्येच संपला. त्यामुळे कंपन्या एकाच सार्वजनिक पत्त्यामागे अनेक घरं बसवतात. बाहेरून येणाऱ्याला तुमचं घर सापडतच नाही, जसं चाळीचा पत्ता आहे पण खोली नंबर नाही. यावर उपाय म्हणून राउटरची दारं सताड उघडी टाकू नका. टेलस्केलसारखं साधन फोन आणि लॅपटॉप यांच्यात खासगी बोगदा खणतं; पलीकडे फक्त तुमचीच उपकरणं.

आणि वाळवी विसरू नका. आजची वाळवी म्हणजे मरणारी हार्डडिस्क. प्रती तीन, दोन वेगवेगळ्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या छपराखाली. माझी तिसरी प्रत पिंपळगावला मामांच्या कपाटात आहे, कुलूपबंद केलेल्या डिस्कवर. दर अमावस्येला बदलतो, म्हणजे तारीख विसरत नाही. ती प्रत खरंच उघडते का, हेही अधूनमधून बघा. न उघडून पाहिलेली प्रत म्हणजे नुसता दिलासा.

हे सगळ्यांनी करावं असं नाही. आठवड्याला तासभर लक्ष द्यायची तयारी नसेल तर दुसऱ्याचं छप्पर बरं; फक्त आपली एक प्रत वेळोवेळी उतरवून घ्या.

परवा वडिलांच्या वहीची पानं स्कॅन करून मी त्या लॅपटॉपवर चढवली. फोनवर दाखवली तेव्हा त्यांनी चष्मा लावून 2010 चं पान शोधलं, बराच वेळ पाहिलं. मग विचारलं, “आता वही टाकून द्यायची का?”

म्हटलं, नाही. ती पहिली प्रत आहे.