पॅकेज मॅनेजरची निवड : कळमनुरीसारख्या तालुक्याच्या संदर्भात एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :
डेस्कटॉप संगणकावर सॉफ्टवेअर तयार करू पाहणाऱ्या विद्यार्थ्यास लागणारी साधने कोठून व कशी आणावयाची, हा प्रश्न आरंभीच पडतो. एक प्रोग्राम एखाद्या लायब्ररीवर अवलंबून असतो आणि ती लायब्ररी आणखी दुसऱ्या लायब्ररीवर. हे परस्परावलंबन ओळखून योग्य आवृत्त्या आणणे, त्या स्थापित करणे, अद्ययावत ठेवणे व नको असता काढून टाकणे, ही कामे करणाऱ्या प्रोग्रामला पॅकेज मॅनेजर म्हणतात. त्याची निवड बहुधा वेग व सोय पाहून केली जाते. तथापि, सॉफ्टवेअरचे भांडार कोण सांभाळतो आणि त्याच्यावर विश्वास कशाच्या आधारे ठेवावयाचा, हाच या निवडीतील मूळ प्रश्न आहे, असे या साधनांचा इतिहास दर्शवितो. प्रस्तुत लेखात त्याचा ऊहापोह केला आहे.

पूर्वपीठिका :
आरंभीच्या काळात युनिक्स वापरणारे मूळ संहिता मिळवून ती स्वतःच कंपाइल करीत. इयान मर्डॉक यांनी १९९३ मध्ये डेबियन प्रकल्प सुरू केला. त्यातील 'डीपीकेजी' हे साधन १९९४ च्या सुमारास आकारास आले, तर रेड हॅटचे 'आरपीएम' १९९५ मध्ये. ही साधने काय कमी आहे ते सांगत. परंतु ते शोधून आणण्याचे काम वापरणाऱ्याकडेच राही. मार्च १९९९ मध्ये प्रसृत झालेल्या डेबियन २.१ सोबत 'एपीटी' आले आणि परस्परावलंबनाची संपूर्ण साखळी आपोआप सोडविली जाऊ लागली. नांदेड येथे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाची स्थापना (१९९४) आणि हिंगोली जिल्ह्याची निर्मिती (१ मे १९९९) याच दशकातील होय.

दोन परंपरा :
पुढे या क्षेत्रात दोन परंपरा रूढ झाल्या. पहिली लिनक्स वितरणांची. तीत लेखक व वापरकर्ता यांच्यामध्ये देखभालकर्ता असतो आणि पॅकेजे काही काळ पारखून मगच स्थिर आवृत्तीत समाविष्ट होतात. दुसरी प्रोग्रामिंग भाषांची. पर्लचे 'सीपॅन' (१९९५), पायथनचे 'पिप' (२००८) व जावास्क्रिप्टचे 'एनपीएम' (२०१०) ही तिची उदाहरणे होत. येथे लेखक आपली निर्मिती थेट भांडारात ठेवतो. त्यामुळे नवी आवृत्ती तत्काळ मिळते. पण मधला पारखी राहत नाही. मॅक संगणकांवरील 'होमब्रू' (२००९) यात पॅकेजची कृती तपासून घेतली जाते. मात्र त्याचा भर नव्या आवृत्त्यांवर असतो.

दोन घटना या संदर्भात उद्बोधक ठरतात. मार्च २०१६ मध्ये एका लेखकाने 'लेफ्ट-पॅड' हे अवघ्या ११ ओळींचे पॅकेज एनपीएमवरून काढून घेतले आणि त्यावर विसंबलेल्या असंख्य प्रकल्पांची बांधणी थांबली. त्यानंतर पॅकेज मागे घेण्यावर निर्बंध आले. मार्च २०२४ मध्ये 'एक्सझेड' या संकोचन साधनाच्या ५.६.० व ५.६.१ या आवृत्त्यांत लपविलेले चोरदार आढळले. देखभालकर्त्यांच्या नजरेतूनही ते सुटले होते आणि डेबियनच्या चाचणी शाखेपर्यंत पोहोचले होते; परंतु स्थिर आवृत्तीत ते शिरले नाही. संथपणा हा दोष मानला जातो. येथे तोच संरक्षक ठरला.

स्थानिक संदर्भ :
१९८८ मध्ये पुणे येथे स्थापन झालेल्या सी-डॅकने २००७ मध्ये 'बॉस' ही भारतीय भाषांना अनुकूल कार्यप्रणाली प्रसृत केली, ती डेबियनवरच आधारलेली होती. डेबियनमधील 'फॉन्ट्स-देवा' हे एक पॅकेज मागविल्यास लोहित, गार्गी, नकुल, सहदेव इत्यादी देवनागरी फॉन्ट एकत्र मिळतात. मराठीत काम करणाऱ्यास पॅकेज मॅनेजरचे महत्त्व याहून वेगळे सांगावयास नको.

कळमनुरीसारख्या तालुक्याच्या गावी इंटरनेट मर्यादित असेल तेथे आणखी एक बाब विचारात घ्यावी लागते. 'एपीटी-कॅशर-एनजी' बसविलेला एक संगणक पॅकेज एकदाच उतरवून घेतो व प्रयोगशाळेतील इतर संगणकांना पुरवितो. २००७ च्या डेबियन ४.० पासून भांडाराच्या सूचीवरील डिजिटल स्वाक्षरी तपासली जाते. परिणामी पॅकेज शेजारच्या संगणकावरून आले, तरी ते मूळचेच आहे याची खातरजमा होते. वीस संगणकांसाठी वीस वेळा तेच उतरवून घेण्याचा खर्च वाचतो आणि विश्वासालाही बाधा येत नाही.

निष्कर्ष :
उपरोक्त विवेचनावरून असे म्हणता येईल की, दोन्ही परंपरांना आपापले क्षेत्र आहे. संगणकाचा पाया, म्हणजे कंपायलर, संपादक व फॉन्ट, स्थिर वितरणाच्या भांडारातून घ्यावा. विशिष्ट प्रकल्पास लागणाऱ्या लायब्रऱ्या भाषेच्या पॅकेज मॅनेजरने, परंतु त्या प्रकल्पापुरत्या वेगळ्या कक्षातच बसवाव्यात व त्यांच्या आवृत्त्या फाइलमध्ये नोंदवून ठेवाव्यात. जून २०२३ मधील डेबियन १२ ने 'पिप'ला प्रणालीच्या पायथनमध्ये थेट लायब्ररी बसविण्यास मज्जाव केला, तो याच विचाराने. महानगरातील विद्यार्थी बिघडलेला संगणक काही वेळात पुन्हा उभा करू शकतो. जेथे डेटा मोजून वापरावा लागतो, तेथे चुकीच्या निवडीमुळे विद्यार्थ्याचे शिकण्याचे अनेक दिवस वाया जातात. म्हणून या निवडीचा इतिहास अभ्यासक्रमात यावयास हवा.