सुटीचा वार आणि सायकलची वाट



कामगार चळवळीतला माणूस व्याख्यानाला उभा राहिला म्हणजे तो पगार, बोनस, महागाई-भत्ता आणि संप यांवरच बोलणार, अशी श्रोत्यांची समजूत असते. ती चुकीची नाही. परंतु आज मी आपल्यापुढे मौजेचा विषय मांडणार आहे. सुटीच्या दिवशी, कोणतेही काम नसताना, गावाबाहेरच्या निवांत वाटेवर सायकल फिरवत जाणे, हा तो विषय. हा छंद इंग्लंडात वाढला, तेव्हा त्याचा इतिहासही आपल्याला तिकडेच पाहावा लागेल. हा इतिहास वाचताना माझ्या ध्यानात एक गोष्ट आली. माणसाचा अगदी खाजगी, निरुपद्रवी वाटणारा हा आनंद मुळीच फुकट मिळालेला नाही. त्याच्यामागे कायदा आहे, यंत्र आहे, आणि कामाच्या तासांसाठी झालेली एक लांबलचक झुंज आहे.

आधी वाटेकडे पाहू. इंग्लंडातल्या खेड्यापाड्यांतून ज्या अरुंद, वळणावळणाच्या, दोन्ही बाजूंनी झुडपांची कुंपणे असलेल्या वाटा जातात, त्यांना आपला शेतकरी पाणंदी म्हणेल. यांतल्या कित्येक वाटा फार जुन्या आहेत; परंतु अनेक ठिकाणची कुंपणे मात्र अठराव्या-एकोणिसाव्या शतकांतली आहेत. त्या काळी पार्लमेंटने कायद्यामागून कायदे करून गावांची सामाईक गायराने मोठ्या जमीनदारांच्या मालकीची केली आणि त्यांना कुंपणे पडली. ज्यांची गुरे त्या गायरानांवर चरत होती, त्यांची मुलेबाळे पुढे मोठ्या संख्येने गिरण्यांच्या शहरांत गेली. म्हणजे पुढे रविवारी सायकलवर बसून या कुंपणांमधून जाणाऱ्या पुष्कळ कामगारांच्या बाबतीत असे होते की, आजोबा ज्या वाटेने पोटासाठी बाहेर पडले, त्याच वाटेने नातू हवा खायला परत येत होता.

या वाटा निवांत झाल्या, त्यालाही कारण आहे. १८३० नंतर आगगाड्यांचे जाळे पसरले आणि घोड्यांच्या टपालगाड्या बंद पडल्या. हमरस्त्यांवरच्या खाणावळी ओस पडल्या. पन्नास वर्षे इंग्लंडचे रस्ते जणू झोपी गेले होते. त्यांना पुन्हा जाग आणली ती सायकलवाल्यांनी.

आता यंत्राकडे वळू. १८७० च्या सुमारास जी सायकल होती, तिचे पुढचे चाक माणसाच्या छातीइतके उंच असे. तीवर चढणे ही कसरत आणि तीवरून पडणे हा अपघात. त्यामुळे ती धाडसी व खिशात पैसा खुळखुळणाऱ्या तरुणांचीच राहिली. १८८५ साली कॉव्हेंट्री शहरात जॉन केंप स्टार्ली याने ‘रोव्हर’ नावाची सायकल बाजारात आणली. दोन्ही चाके जवळजवळ सारखी, पाय जमिनीला टेकतील अशी बैठक, आणि मागच्या चाकाला साखळीने गती. आपण आज जिला सायकल म्हणतो ती हीच. १८८८ साली बेलफास्टच्या डनलॉप नावाच्या गुरांच्या डॉक्टराने हवेचे टायर तयार केले आणि खडबडीत वाटेवरचा हाडे खिळखिळी करणारा प्रवास सुसह्य झाला. त्याच वर्षीच्या स्थानिक कारभाराच्या कायद्याने सायकल हे रीतसर वाहन ठरले. त्यामुळे घंटी आणि दिवा लावण्याची जबाबदारी आली. पण रस्त्यावरून जाण्याचा हक्कही आला.

परंतु वाट आहे आणि यंत्र आहे एवढ्याने भागत नाही. वेळ कोठून आणायचा? इथे आम्हा युनियनवाल्यांचा विषय सुरू होतो.

१८५० च्या फॅक्टरी कायद्याने इंग्लंडातल्या कापड गिरण्यांत स्त्रियांचे व अल्पवयीन मुलांचे काम शनिवारी दुपारी दोनला थांबले पाहिजे असे ठरले. कायद्यात प्रौढ पुरुषांचे नाव नव्हते. पण ज्या खात्यात निम्म्याहून अधिक हात बायकांचे व मुलांचे, तिथे ते हात थांबल्यावर पुरुष एकटा काय चालवणार? गिरणीच थांबे. अशा रीतीने शनिवारची अर्धी सुटी पुरुषांना बायकांच्या पदरामागून मिळाली, आणि मग हळूहळू इतर धंद्यांत पसरली. रविवार धर्माने दिलेलाच होता. शनिवारची दुपार आणि रविवार मिळून दीड दिवस झाला. आणि दीड दिवस हाताशी असला म्हणजे माणूस शहराच्या धुराबाहेर जाऊन परत येऊ शकतो.

तरीही सायकल महागच होती. १८९० च्या सुमारास चांगली नवी सायकल दहा-बारा पौंडांच्या खाली सहसा मिळत नसे, आणि कुशल कारागिराला आठवड्याला दीड-दोन पौंड मिळत. साध्या मजुराला त्याहून कमी. तेव्हा कामगाराने ती कशी घेतली? हप्त्याने घेतली, जुनी घेतली, दोघा भावांत मिळून एक घेतली. १८९० नंतरच्या दशकाच्या अखेरीस कारखान्यांतून माल फार निघाला आणि किमती उतरल्या. तेव्हा कोठे हे वाहन त्याच्या आवाक्यात येऊ लागले.

अशा वेळी, १८९४ च्या फेब्रुवारीत, बर्मिंगहॅममध्ये काही तरुण एकत्र जमले. ते सारे समाजवादी विचारांचे होते आणि साऱ्यांना सायकलचा नाद होता. त्यांच्यात टॉम ग्रूम हा पुढाकार घेणारा. रॉबर्ट ब्लॅचफर्ड या संपादकाने १८९१ साली मँचेस्टरहून ‘क्लॅरियन’ नावाचे साप्ताहिक काढले होते. क्लॅरियन म्हणजे तुतारी. त्याच पत्राचे नाव या मंडळींनी आपल्या क्लबाला दिले. पुढच्याच वर्षी, १८९५ च्या ईस्टरच्या सुटीत, निरनिराळ्या गावांचे क्लब डर्बीशायरमधल्या अ‍ॅशबर्न येथे भेटले. वाटेत अनोळखी सायकलस्वार दिसला की यांच्यापैकी एकाने ‘बूट्स!’ म्हणून हाक द्यायची आणि तो आपल्यातला असला तर त्याने ‘स्पर्स!’, म्हणजे घोडेस्वाराच्या टाचेची आर, असे उत्तर द्यायचे. ज्याच्या बापजाद्यांनी कधी घोडा बाळगला नाही, त्याने ही घोडेस्वाराची भाषा वापरावी, यात गंमत आहे आणि थोडा अभिमानही आहे.

ही मंडळी पिशवीत पत्रके व पुस्तिका घेऊन निघत. खेड्याच्या चौकात थांबत, एखादा जण कठड्यावर उभा राहून भाषण करी, बाकीचे पत्र विकत. ब्लॅचफर्डच्या ‘मेरी इंग्लंड’ या पुस्तकाची एक पेनीची आवृत्ती १८९४ साली निघाली, आणि तिच्या लाखो प्रती ज्यांनी गावोगाव नेल्या त्यांत हे सायकलवाले होते.

परंतु चळवळीतल्या काही कडक शिस्तीच्या मंडळींना हे रुचत नसे. त्यांचा आक्षेप असा की, दहा मैल सायकल फिरवायची, नदीकाठी चहा प्यायचा, गाणी म्हणायची, आणि याला समाजकार्य म्हणायचे? हा आक्षेप मला परका नाही. आमच्या युनियनच्या कचेरीतही कोणी सहलीचा ठराव मांडला तर एक जण हमखास म्हणतो, “अहो, आधी पगाराचे बघा.” त्याचे म्हणणे खोटे नसते. रिकाम्या पोटी निसर्गशोभा दिसत नाही. परंतु क्लॅरियनवाल्यांचे उत्तर मला अधिक पटते. माणसाला चांगले जगणे म्हणजे काय हे एकदा चाखायला मिळाले, की तो ते मागायला शिकतो. ज्याने धुराखालच्या चाळीपलीकडे काहीच पाहिले नाही, तो मागणार तरी काय? अशा अर्थाने निवांत वाटेवरचा एक रविवार चार पत्रकांचे काम करतो.

स्त्रियांच्या बाबतीत तर हे अधिकच खरे ठरले. मँचेस्टरच्या क्लॅरियन क्लबाबरोबर फिरणाऱ्यांत क्रिस्टाबेल आणि सिल्व्हिया या पँकहर्स्ट भगिनीही होत्या. पुढे स्त्रियांच्या मताधिकाराच्या लढ्यात त्यांची नावे जगभर झाली. घोळदार झगा सायकलच्या साखळीत अडके, म्हणून काही स्त्रिया विजारीसारखा पोशाख घालू लागल्या. १८९८ साली ऑकम गावच्या एका खाणावळीत लेडी हार्बर्टन या उमरावबाई अशा पोशाखात शिरल्या, तेव्हा त्यांना उपाहाराच्या खोलीत बसू देण्यात आले नाही. सायकलवाल्यांच्या राष्ट्रीय संघटनेने मालकिणीवर खटला भरला. १८९९ साली तो हरला. खटला हरला खरा, पण पोशाख राहिला. कोर्टाचा निकाल एक आणि रस्त्याचा निकाल दुसरा, असे इतिहासात पुष्कळदा घडते.

लँकेशायरमधले नेल्सन हे विणकरांचे गाव. त्याच्याजवळ पेंडल टेकडीच्या पायथ्याशी १९१२ साली कामगारांनी एक घर बांधले, ‘क्लॅरियन हाउस’. त्यासाठी विणकरांच्या युनियनने ३५० पौंडांचे कर्ज दिले. हे घर आजही आहे, आणि रविवारी तिथे पायी व सायकलवर येणाऱ्यांना मोठ्या मगातून चहा मिळतो. संपाच्या फंडाचा आणि वर्गणीचा हिशेब ठेवता ठेवता माझे केस पिकले. म्हणून हा आकडा मी वारंवार वाचतो. ज्या युनियनला पैचा हिशेब सभासदांना द्यावा लागतो, तिने चहाच्या घरासाठी ३५० पौंड काढून दिले, याचा अर्थ विश्रांतीला त्या विणकरांनी चैन मानले नाही.

इंग्लंडातच हे घडले असे नाही. जर्मनीत १८९६ साली कामगार सायकलस्वारांची ‘सॉलिडॅरिटी’ नावाची संघटना स्थापन झाली. पहिल्या महायुद्धापूर्वी तिचे सभासद लाखाच्या वर गेले. १९३३ साली हिटलरच्या सरकारने तिच्यावर बंदी घातली. हुकूमशहाला सायकलची भीती का वाटावी? सायकलची नव्हे, आपणहून, कोणाचा हुकूम नसताना, एकत्र फिरायला निघणाऱ्या माणसांची.

पुढची कथा उतरणीची आहे. ब्लॅचफर्डने पहिल्या महायुद्धाला पाठिंबा दिला, वाचक दुरावले, आणि १९३० नंतर त्याचे पत्र बंद पडले. पत्र मेले, पण क्लब जगला. १९३८ साली ब्रिटनमध्ये पगारी रजेचा कायदा झाला. कामगाराला वेळ मिळाला, सायकल स्वस्त झाली. आता खरा सुकाळ यायचा. तो आलाही. १९४९ साली ग्रेट ब्रिटनच्या रस्त्यांवर सायकली वर्षाकाठी सुमारे १,४७० कोटी मैल फिरल्या. १९७३ साली हा आकडा सुमारे २३० कोटींवर आला. मधल्या काळात मोटार आली होती. ज्या पाणंदी आगगाडीने निवांत केल्या होत्या, त्यांचा निवांतपणा मोटारीने हिरावून घेतला. आणि तीही कामगारानेच आपल्या वाढलेल्या मजुरीतून विकत घेतली. याचा दोष मी त्याला देत नाही. मात्र जी वस्तू सर्वांची असते, ती प्रत्येकाने आपापली सोय पाहता पाहता हातची जाते, हा धडा यातून घ्यावा. २०२१ साली राष्ट्रीय क्लॅरियन क्लबाने आपल्या घटनेतून ‘समाजवाद’ हा शब्द काढून टाकला. ज्यांना ते मानवले नाही त्यांनी वेगळा क्लब काढला. सव्वाशे वर्षांपूर्वीचा मौज की चळवळ हा वाद अजून मिटलेला नाही.

आता आपल्याकडे येऊ. आपला या इतिहासाशी जो संबंध आहे तो सुटीचा आहे. मुंबईच्या गिरणी कामगारांना आठवड्याची सुटीच नव्हती. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ पासून ही मागणी लावून धरली. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या मैदानावर सुमारे दहा हजार कामगारांची सभा झाली. तीत दोन स्त्री कामगारही बोलल्या. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघाने रविवारची सुटी मान्य केली. म्हणजे बर्मिंगहॅमचे तरुण जमण्याच्या चार वर्षे आधी आपला रविवार आपल्याला मिळाला होता.

पण आपल्याकडे सायकल आली ती कामाची म्हणून. पुण्याला सायकलींचे शहर म्हणत, ते कचेरीला, शाळेला आणि खडकीच्या कारखान्याला जाणाऱ्यांच्या सायकलींमुळे. दूधवाला, डबेवाला, पेपरवाला यांची ती पोटाची साधने. मीही ती पंचवीस वर्षे गेटसभांसाठी दामटली. पण तेही कामच. कामगार रविवारी सायकल काढून पाणंदीने निघाला आहे, असे चित्र आपल्याकडे फारसे रंगलेच नाही. जिथे सुटीचा दिवस आठवड्याची झोप आणि घरची खोळंबलेली कामे यांतच संपतो, तिथे ते रंगणार कसे?

आणि हा प्रश्न जुना झालेला नाही. १९४८ च्या फॅक्टरी कायद्याने दिवसाला नऊ व आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली. २०२५ च्या सप्टेंबरात महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने दिवसाची मर्यादा बारा तासांपर्यंत वाढवण्यास मान्यता दिली. आठवड्याचे ४८ तास कायम आहेत, जादा तासांना जादा मोबदला आहे आणि कामगाराची संमती लागेल, असे सांगितले जाते. हिशेब कागदावर जुळतो. परंतु बारा तास यंत्रापुढे उभा राहिलेला माणूस संध्याकाळी काय करू शकतो, हे कागद सांगत नाही. आणि ज्याची नोकरी मुकादमाच्या हाती आहे, त्याची संमती किती मोकळी असते, हे आपणा सर्वांना ठाऊक आहे.

म्हणून माझे मागणे साधे आहे. कामाच्या तासांची चर्चा निघेल तेव्हा केवळ उत्पादन किती वाढले आणि जादा मोबदला किती मिळाला एवढेच विचारू नका. उरलेल्या तासांत माणूस काय करू शकतो, हेही विचारा. नेल्सनच्या विणकरांनी ३५० पौंड मोजून जे विकत घेतले, ते आपल्या शहरातल्या कामगाराला कधी परवडेल, हाही पगाराइतकाच रोखठोक प्रश्न आहे.