विश्लेषण : विद्यापीठ किंवा कॉलेजचा कारभार बिघडला तर सरकार काय करू शकते?

मुंबई विद्यापीठाने २०१७ च्या उन्हाळी परीक्षांच्या १७ लाखांहून अधिक उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासायचा निर्णय घेतला. तयारी अपुरी होती आणि निकाल रखडले. राज्यपालांनी दिलेली ३१ जुलैची मुदतही हुकली. पुढच्या प्रवेशासाठी गुणपत्रिका हवी असलेले विद्यार्थी कलिना संकुलात खेटे घालत राहिले. ऑगस्टमध्ये कुलगुरू डॉ. संजय देशमुख यांना रजेवर पाठवून कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू डॉ. देवानंद शिंदे यांच्याकडे कार्यभार देण्यात आला. २४ ऑक्टोबर २०१७ रोजी डॉ. देशमुख यांना पदावरून दूर करण्यात आले. मुंबई विद्यापीठाच्या कुलगुरूंवर अशी कारवाई पहिल्यांदाच झाली.

‘सरकारने कुलगुरूंना काढले’ असे तेव्हा सर्रास बोलले गेले. कायद्याच्या भाषेत ते बरोबर नाही आणि हा फरक केवळ शब्दांचा नाही.

मग कुलगुरूंना काढते कोण?

महाराष्ट्रातील सार्वजनिक विद्यापीठे २०१६ च्या सार्वजनिक विद्यापीठ कायद्याने चालतात. त्यातील कलम ११ नुसार कुलगुरूंना दूर करण्याचा अधिकार कुलपतींचा, म्हणजे राज्यपालांचा आहे. कर्तव्यात कसूर, अधिकारांचा गैरवापर, गैरव्यवस्थापन अशी कारणे त्यात दिलेली आहेत. कुलगुरूंना आपले म्हणणे मांडण्याची संधीही द्यावी लागते.

राज्य सरकारचा अधिकार कलम ८ मध्ये आहे आणि तो आडवळणाचा आहे. विद्यापीठ आपले काम नीट करत नसेल तर सरकार चौकशी करून निर्देश देऊ शकते. ते पाळले नाहीत तर लेखी खुलासा मागू शकते. खुलासा पटला नाही तर प्रकरण कुलपतींकडे पाठवायचे. थेट कारवाईची तलवार मंत्रालयाच्या हाती नाही. पैशाची दोरी मात्र आहे, कारण नवी पदे, वेतनश्रेणी, जमिनीचे व्यवहार यांसाठी सरकारची पूर्वपरवानगी लागते.

ही रचना प्रत्येक सत्ताधाऱ्याला कधी ना कधी खुपते. डिसेंबर २०२१ मध्ये महाविकास आघाडी सरकारने कायद्यात दुरुस्ती मंजूर करून घेतली. उच्च शिक्षण मंत्री प्र-कुलपती होणार होते आणि कुलगुरूपदासाठी शोध समितीने सुचवलेल्या नावांतून दोन नावे सरकार राज्यपालांकडे पाठवणार होते. राज्यपालांची संमती मिळाली नाही आणि २०२२ च्या सत्तांतरानंतर विधेयक मागे घेण्यात आले. पुढे नोव्हेंबर २०२३ मध्ये केरळमधील कन्नूर विद्यापीठाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने कुलगुरूंची फेरनियुक्ती रद्द केली. कुलगुरू नेमताना कुलपतींनी स्वतःच्या विवेकाने निर्णय घ्यायचा असतो आणि राज्य सरकारने त्यात ढवळाढवळ केली, असे कारण न्यायालयाने दिले.

केंद्रीय विद्यापीठे आणि आयआयएम

केंद्रीय विद्यापीठांत हीच भूमिका राष्ट्रपतींकडे असते. त्यांना ‘व्हिजिटर’ म्हणतात. चौकशी नेमणे आणि कुलगुरूंना दूर करणे हे अधिकार त्यांचे, पण फाइल शिक्षण मंत्रालयातून जाते. फेब्रुवारी २०१६ मध्ये विश्वभारतीचे कुलगुरू सुशांत दत्तगुप्त यांना असे दूर करण्यात आले. केंद्रीय विद्यापीठाच्या कुलगुरूंच्या बडतर्फीचे ते पहिले उदाहरण.

आयआयएमची गोष्ट उलट दिशेने सुरू झाली. २०१७ च्या कायद्याने त्यांना मोठी स्वायत्तता मिळाली, संचालक नेमण्याचा अधिकारही संचालक मंडळाकडे गेला. जेमतेम सहा वर्षांत, २०२३ च्या दुरुस्तीने, राष्ट्रपती आयआयएमचे व्हिजिटर झाले. संचालकांची नेमणूक आणि त्यांना काढणे यात त्यांचा शब्द निर्णायक ठरला आणि संचालक मंडळ निलंबित किंवा बरखास्त करून हंगामी मंडळ नेमण्याची वाटही खुली झाली. पवईच्या ‘नीटी’चे आयआयएम मुंबई झाले ते याच दुरुस्तीने.

मान्यता काढून घेणे : सर्वांत सोपे, सर्वांत महागडे

खासगी आणि अभिमत विद्यापीठांत कुलगुरू सरकार नेमत नाही, पगारही देत नाही. विद्यापीठ अनुदान आयोग अर्थात यूजीसी अनुदान रोखू शकते, पण जे अनुदान घेतच नाहीत त्यांना त्याचे काय? उरतो तो मान्यता काढण्याचा मार्ग.

टंडन समितीने २००९ मध्ये देशभरातील ४४ अभिमत विद्यापीठे या दर्जाला अपात्र असल्याचा अहवाल दिला. अनेक ठिकाणी एकाच कुटुंबाचा कारभार चालतो, हा त्यातला एक आक्षेप होता. केंद्राने तो स्वीकारला आणि तसे सर्वोच्च न्यायालयात सांगितले. मात्र या संस्थांत सुमारे २ लाख विद्यार्थी शिकत होते. न्यायालयाने जानेवारी २०१० मध्ये ‘जैसे थे’ आदेश दिला आणि प्रकरण वर्षानुवर्षे रेंगाळले.

छत्तीसगडमध्ये घाव एकदम बसला. तिथल्या २००२ च्या कायद्याने सरकारी अधिसूचनेवर खासगी विद्यापीठे उभी राहू लागली आणि बघता बघता त्यांची संख्या शंभरावर गेली. कित्येकांकडे ना इमारत, ना प्राध्यापक. यूजीसीचे माजी अध्यक्ष प्रा. यशपाल न्यायालयात गेले. फेब्रुवारी २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायद्यातील संबंधित कलमे रद्द केली आणि ही सर्व विद्यापीठे एका निकालाने संपली. विद्यार्थ्यांचे नुकसान टळावे म्हणून शिकवणी प्रत्यक्षात सुरू असलेल्या संस्था राज्यातील जुन्या विद्यापीठांशी जोडून घेण्याची मुभा न्यायालयाने दिली.

मान्यता नसतानाच विद्यापीठ म्हणवणाऱ्यांची यादी यूजीसी प्रसिद्ध करते. त्यासाठी १९५६ च्या यूजीसी कायद्यात दंड आहे जास्तीत जास्त १,००० रुपये. यादी दरवर्षी का लागते, याचे निम्मे उत्तर या आकड्यात आहे.

अभियांत्रिकी, व्यवस्थापन अशा अभ्यासक्रमांत एआयसीटीईकडे तुलनेने शहाणी पद्धत आहे. आधी जागा कमी करणे, मग नवे प्रवेश थांबवणे आणि आधीच्या तुकड्या बाहेर पडल्यावर संस्था बंद. याला टप्प्याटप्प्याने बंद करणे म्हणतात.

गावोगावची कॉलेजे

बहुसंख्य विद्यार्थ्यांचा संबंध येतो तो संलग्न कॉलेजांशी. ती चालवतात शिक्षण संस्था, आणि या संस्था म्हणजे सार्वजनिक न्यास. त्यामुळे इथे एकाच दुखण्यावर तीन डॉक्टर असतात. विद्यापीठ संलग्नता काढू शकते, उच्च शिक्षण संचालनालय अनुदान थांबवू शकते आणि दोषी विश्वस्तांना निलंबित करण्याचा किंवा काढण्याचा अधिकार धर्मादाय आयुक्तांचा आहे. शिवाय शैक्षणिक संस्थेचे व्यवस्थापन मर्यादित काळासाठी शासनाने हाती घेण्याकरिता राज्याचा १९७६ चा कायदाही आहे. प्रत्यक्षात प्राध्यापकांचे पगार थकले किंवा संस्थाचालकांचे दोन गट भांडू लागले की कागद या तीन कार्यालयांत फिरतो. विश्वस्त कोण हाच वाद असेल तर ‘चेंज रिपोर्ट’चा निकाल लागेपर्यंत पत्रव्यवहार कोणाशी करायचा, इथपासून अडते.

अल्पसंख्याक संस्थांना राज्यघटनेच्या कलम ३० चे संरक्षण आहे. मात्र संस्था चालवण्याच्या हक्कात ती वाईट चालवण्याचा हक्क येत नाही, ही भूमिका न्यायालयांनी १९५८ च्या केरळ शिक्षण विधेयक प्रकरणापासून घेतली आहे.

संपूर्ण ताबा घेतला तर?

याचे ठळक उदाहरण तमिळनाडूत आहे. चिदंबरमचे अण्णामलै विद्यापीठ १९२९ मध्ये राजा अण्णामलै चेट्टियार यांनी स्थापन केले आणि प्र-कुलपतिपद संस्थापकांच्या घराण्यात राहिले. २०१२ पर्यंत कर्मचाऱ्यांची संख्या १२ हजारांवर गेली होती. पगाराला पैसे पुरेनात, तेव्हा पगारकपात आणि कर्मचारी कपातीची भाषा सुरू झाली आणि आंदोलन पेटले. एप्रिल २०१३ मध्ये राज्य सरकारने आयएएस अधिकाऱ्याला प्रशासक नेमले आणि त्याच वर्षी नवा कायदा करून विद्यापीठ इतर राज्य विद्यापीठांच्या रांगेत आणले.

विद्यापीठ बंद पडले नाही, पदव्याही वाचल्या. पण ताबा घेणे म्हणजे देणीही घेणे. जादा कर्मचाऱ्यांना पुढे इतर सरकारी खात्यांत आणि कॉलेजांत पाठवावे लागले. विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयातील शुल्क मात्र लाखांत राहिले, तर सरकारी महाविद्यालयांत ते काही हजार होते. संस्था सरकारी झाली तर शुल्क खासगी कसे, असा प्रश्न घेऊन विद्यार्थी २०२० च्या डिसेंबरपासून आंदोलनाला बसले. २०२१ मध्ये महाविद्यालय आरोग्य खात्याकडे गेले, तेव्हा शुल्क सरकारी दराने आकारण्याचा निर्णय झाला. ताबा घेतल्यापासून तोवर सुमारे आठ वर्षे गेली होती.

मधल्या बॅचचे काय?

अनेक राज्यांच्या खासगी विद्यापीठ कायद्यांत यासाठी तरतूद असते. गंभीर गैरव्यवस्थापन आढळले तर सरकार नोटीस देऊन चौकशी करते आणि प्रशासक नेमू शकते. नियमित अभ्यासक्रमांची शेवटची तुकडी पदवी घेऊन बाहेर पडेपर्यंत प्रशासकाने विद्यापीठ चालवायचे असते. त्याचा खर्च भागवण्यासाठी स्थापनेच्या वेळीच प्रवर्तकांकडून ‘एंडोमेंट फंड’ म्हणून ठेव घेतलेली असते. खासगी विद्यापीठात प्रवेश घेताना पालक वसतिगृह, प्लेसमेंट, कॅम्पस सगळे पाहतात. त्या विद्यापीठाच्या कायद्यात हे कलम आहे का आणि ठेव किती आहे, हे राज्याच्या राजपत्रात कोणालाही वाचता येते.